भावाच्या नावाची मूठ

बांधावरच्या भांडणात भावाच्या हातून एकाचा जीव गेला आणि त्याची रवानगी नाशिकच्या तुरुंगात झाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्याजवळच्या आमच्या गावात जो भेटेल तो मला सांगायचा, "आईसाठी तरी त्याचा पॅरोल काढ ना." जसा काही पॅरोल माझ्या पदराच्या गाठीला बांधलेला होता.

आईनं अंथरूण धरलं तेव्हा मी अर्ज केला. तिला एकदा लेकाला डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नको होतं. अर्ज गेला की पोलीस गावात येऊन विचारतात, थोडे दिवस सोडलं तर कोणाची हरकत आहे का. गाव तर आमच्याच बाजूनं बोलत होतं, म्हणून मी निर्धास्त होते.

तेवढ्यात श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा सण आला. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. तो तुरुंगात गेल्यापासून भाऊबंदांच्या सांगण्यावरून भावाची मूठ बंद होती. त्या वर्षी आई उठून बसली आणि तिनं त्याचेही गहू टाकले.

काकू दचकली. "हाई काय करस, अक्का?"

"आंडोर जित्ता शे मना," आई म्हणाली. लेकाला ती आंडोरच म्हणायची.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर बातमी, तो कानबाईला येतोय. मेलेल्याची बायको आमच्याच गल्लीत राहायची. तिनं दार लावून घेतलं. तिची भीती मला कळत होती, तिला मी कोणत्या तोंडानं समजावणार? पण बाकीचे? पोलीस जमादार चौकशीला आला तेव्हा चावडीवर सगळे माना खाली घालून बसले. पॅरोलसाठी माझ्या सर्वांत जास्त मागे लागलेले शेजारचे आबाच आधी बोलले, "साहेब, तो उना तं गावमां मारामारी व्हई." मग सगळ्यांनाच कंठ फुटला. मी बाहेर उभी होते. मला कोणी विचारलंच नाही.

अर्ज नामंजूर झाला. आईला मी 'येईल, येईल' म्हणत राहिले. दिवाळीआधी ती गेली.

तिरडी त्याच माणसांनी बांधली, आणि ती माणसं रडलीही खरंखुरं. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, सरकारले काळीजच नही शे. लेकरूले मायनं तोंडबी दखू दिधं नही."

तिरडी अजून उचलायची होती. मी म्हणाले, "हो, आबा."