हळूदादांच्या गाडीचे नवे टायर

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला सगळे हळूदादा म्हणतात. त्यांची चाल हळू नाही की बोलणं हळू नाही. लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचा त्यांचा धंदा, आणि कपाट उचललं की जिना संपेपर्यंत त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा. हळू, हळू, हळू. ते ऐकून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

धंदा दोघा भावांचा. दादा थोरले. दुसऱ्याला केस पिकले तरी सगळे धाकटाच म्हणत. दोघांची काम करायची एक रीत होती. जड वस्तू जिन्यावरून उतरवताना दादा खालच्या बाजूला असायचे आणि उलट्या पावलांनी उतरायचे. धाकटा वरून धरून बोलत राहायचा, "पायरी. पायरी. आता सपाट. डावीकडे वळ. चौकट आली, डोकं सांभाळ." दादा एकदाही मागे वळून बघत नसत. मी हे पुष्कळदा पाहिलंय. मला तर सरळ उतरतानाही कठडा लागतो.

मग धाकटा दूरच्या शहरात लेकीकडे गेला. गुडघ्यांना जरा आराम देतो, थंडी सरली की येतो, म्हणाला. थंडी सरली, पुढचीही सरली.

दादांनी मध्ये एक मदतनीस ठेवून पाहिला. चांगला धिप्पाड गडी होता. पण तो "पायरी" म्हणाला की दादांचा पाय हवेतच थांबायचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला निरोप दिला. मला म्हणाले, "माणूस चांगला आहे हो, पण माझ्या पायांना पटत नाही." तेव्हापासून एकट्याला पेलेल तेवढंच काम घ्यायचे. खुर्च्या, गाद्या, पुस्तकांची खोकी. पिकअपचा मागचा हौदा बहुतेक रिकामाच असायचा.

टायर बदलायची वेळ आली तेव्हा मला म्हणाले, "चला काका, नाहीतरी घरात भिंतीकडे बघत बसणार." ते खरंच होतं. मी गेलो.

टायरवाला जुना ओळखीचा. त्याने मागच्या चाकावरून तळहात फिरवला आणि दादांचा हातही ओढून तिथे ठेवला. "बघा, एक जागा उंच, एक खोल. शॉकअप कधीच मेलेत तुमचे. गाडी उड्या मारत चालते आणि टायर असे खाल्ले जातात. नुसते टायर बदललेत तर नवेही असेच खाईल."

"मग शॉकअपही बदल."

"बदलतो. पण कोणते ते सांगा. हे जाड टायर, मालाच्या गाडीचे. यांच्याबरोबर शॉकअपही कडक घालायचे. गाडी भरून चालत असेल तर यांच्यासारखे नाहीत. रिकामी चालत असेल तर ते पलीकडचे मऊ टायर घ्या, शॉकअपही मऊ. कडक घालून रिकामी पळवलीत तर मणक्याचा भुगा होईल. मग वैद्याकडे जा, माझ्याकडे येऊ नका." दुकानात चहा पीत बसलेली दोन माणसं हसली. "भरूनच चालते ना?"

"भरूनच. दोघं भाऊ आहोत आम्ही," दादा म्हणाले.

मी टायरच्या ढिगाकडे बघत राहिलो.

"धाकटे बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत," टायरवाला म्हणाला.

"येतोय."

"मग काय! जाडच घालतो. हत्ती बसवा मागे."

मला वाटलं, चारचौघांत लाज वाटली म्हणून दादा तसं बोलले. पण परत येताना ते आपणहून म्हणाले, "धाकटा आला आणि गाडी मऊ टायरांवर उभी दिसली, तर काय समजेल तो? दादाने वाट बघायची सोडली, असंच ना?"

गाडी अशी हादरत होती की माझी कवळी वाजत होती. "जीभ सांभाळा काका," दादा म्हणाले. "नवं आहे, बसेल हळूहळू."

ते काही बसलं नाही. हवा थोडी कमी करून पाहिली, थोडा फरक पडला. रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला मागून उसळायची.

थोड्याच दिवसांत शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची खोली हलवायची होती. शिलाई मशीन, एक टेबल, कापडाचे गठ्ठे आणि माणसाएवढा आरसा. आरशाला दादांनी दोन गोधड्या गुंडाळल्या, दोरीने आवळून बांधलं. तरी एका गतिरोधकावर मागची बाजू उडाली, आणि गोधड्या सोडल्या तेव्हा आरशाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

बाई म्हणाल्या, "असू द्या हो दादा. गिऱ्हाइकाला एका मापात दोन कपडे दिसतील."

दादांना हसता आलं नाही. दोघं भाऊ काम करत होते तेव्हा त्यांच्या हातून कुणाची बशीसुद्धा फुटली नव्हती. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, बसले, आणि तिथूनच धाकट्याला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मला सगळं ऐकू आलं.

"आरसा फुटला," दादा म्हणाले.

"कोणाचा? तुला लागलं का?"

"नाही. गाडी उडते. जाड टायर घातलेत ना, आणि कडक शॉकअप."

"दादा, अरे, एकट्याच्या गाडीला कशाला घातलेस?"

"तू आलास की..."

"मला जिना चढता येत नाही दादा. गुडघे गेलेत. इथे लेकीने मला खालच्या खोलीत झोपायला दिलंय."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

"कसं विचारणार? विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

धाकटा हसला, नीट हसला नाही. मग त्याने आरशाला गोधडी कशी बांधली होती ते विचारलं. दादांनी सांगितलं. "बांधलंस बरोबर," तो म्हणाला. दादा म्हणाले, "बरं, जप." फोन ठेवला.

मी म्हटलं, "मऊ शॉकअप घालून घ्या की. अजून नवेच आहेत, टायरवाला बदलून देईल."

"देईल," ते म्हणाले. "पण मऊ घालून करायचं काय? चार खुर्च्या आणि एक गादी?"

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वीटभट्टीचं काम धरलं. भट्टीवरची माणसं गाडी भरतात, बांधकामावरची माणसं उतरवतात, दादांनी फक्त चालवायची. मी एकदा बरोबर गेलो होतो. विटांनी भरलेली गाडी इतकी सरळ, इतकी शांत चालली की मला डुलकी लागली. टायरवाल्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या टायरांना हेच काम हवं होतं.

पण विटांच्या कामात कुणाच्या घरात पाऊल टाकावं लागत नाही. पूर्वी दादा कामावरून आले की जिन्यातच गोष्टी सुरू व्हायच्या. कुणाच्या पलंगाखाली काय सापडलं, नव्या घरात कपाट कुठे ठेवायचं यावरून सासूसुनेचं कसं वाजलं, कुणी चहा दिला, कुणी नुसतंच पाणी. आता दिवसभर ते काच वर करून बसतात, धूळ येते म्हणून. वजनाची पावती घ्यायला हात तेवढा बाहेर काढायचा.

काल संध्याकाळी हात-तोंड धुऊन माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी विचारलं, "काय दादा, काही हवं होतं?"

"नाही," ते म्हणाले. "सकाळपासून कुणाशी बोललोच नाही. म्हटलं आवाज आहे का बघावं."

मी खुर्ची पुढे केली. मला बोलणं फारसं जमत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी बसले.