त्याला चढली नव्हती

नवऱ्याचं डोकं मसाला पापडाच्या ताटलीत पडलं. कांदा कपाळाला चिकटला. शेजारच्या टेबलावरचे चौघं हसले आणि त्यातला एक म्हणाला, "आजोबांचं विमान उतरलं!"

मी त्याचं डोकं उचललं. जड होतं आणि ओलं होतं. आधी वाटलं, ग्लासातलं पाणी सांडलं. मग कळलं, घाम आहे. मान, पाठ, आतला बनियन, सगळं भिजलेलं. त्या हॉलमध्ये एसी इतका होता की मी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून बसले होते.

"अहो, इकडं बघा."

डोळे अर्धे उघडे होते, पण बघत नव्हते. तोंडातून काहीतरी पुटपुट आली. तिला शब्द नव्हते.

मुलगा उठला. उठताना त्याने आधी शेजारच्या टेबलाकडे बघितलं, मग बापाकडे. ते चौघं त्याच्याच कंपनीतले होते, त्यातला एक त्याचा साहेब.

मुलगा अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, म्हणून त्याने आम्हाला त्या हॉटेलात नेलं होतं. खाली खायचं, तिथेच प्यायचं, वर राहायच्या खोल्या. पहिली पाळी करणारी माणसं सुटली की तिकडेच वळतात, कारण चार ते सात एकावर एक फुकट असतं. त्याला हॅपी अवर म्हणतात. मुलगा म्हणाला होता, "आई, सातच्या आत जाऊ, मग आरामात जेवू." मी एवढंच ऐकलं की जेवायला जायचंय.

आमच्या घरी जेवायला चला म्हटलं की ताट वाढलेलं असतं. डॉक्टरांनी नवऱ्याला शुगरची गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली आहे, म्हणून घरून निघतानाच त्याने गोळी घेतली. दुपारीही दोनच घास खाल्ले. हॉटेलात जायचंय, पोट राखून ठेवतो, म्हणाला. बारमध्ये जेवण सगळ्यात शेवटी येतं, हे आम्हाला काय ठाऊक. तिथे आधी दारू, मग चखणा, मग परत दारू. माणसं खुर्ची मागे सरकवायला लागली की मग कुठे भाकरी आणि काळ्या मसाल्याचं मटण.

मुलाने व्हिस्की मागवली. एक मागवली, दोन ग्लास आले. दुसरा त्याने बापापुढे सरकवला.

"त्यांना नको देऊस," मी म्हटलं.

"अगं आई, मी एकच सांगितली. दुसरी फुकट येते."

"मग परत पाठव."

"परत नाय घेत, मावशी," वेटर म्हणाला. तो इगतपुरीकडचा पोरगेला माणूस, बोलायला गोड. "घ्या ना, लोकं फुकटसाठी तर येतात."

नवऱ्याने कावीळ झाली तेव्हा दारू सोडली होती. मी मेले असते तरी सोडली नसती, कावीळ झाली म्हणून सोडली. तेव्हापासून थेंब नाही. पण ग्लास समोर आल्यावर त्याची नजर हलेना. मला म्हणाला, "पोरगा सुपरवायझर झालाय. आज एक घेतली तर काय मरतो का मी?"

सून खाली मान घालून पापड मोडत बसली. चखण्याला शेंगदाणे होते, ते त्याला चावत नाहीत. मी दोनदा म्हटलं, जेवण सांग. मुलगा म्हणाला, "सात वाजू दे." सात वाजायला आले तशी तिथे एकच घाई उडाली. वेटर टेबलाटेबलावरून फिरून विचारायला लागले, लास्ट ऑर्डर, लास्ट ऑर्डर, आणि प्रत्येक जण वेळ संपायच्या आत जमेल तेवढं मागवून ठेवायला लागला. मुलानेही परत सांगितली. परत दोन ग्लास आले, परत एक बापापुढे गेला. तो रिकामा झाल्यावर नवरा गप्प झाला, आणि मग ताटलीत पडला.

वेटर मीठ लावलेलं लिंबू घेऊन धावत आला. त्याच्या मागून काळ्या कोटातला, वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन आला. तो अजिबात घाबरलेला नव्हता. "काही नाही सर, रोजचंच आहे. मागे खाट टाकलेली असते. तासभर झोपवू, उतरेल."

"नको," मुलगा म्हणाला, "गाडीत ठेवू. घरी जाऊन झोपतील." त्याचे कान लाल झाले होते. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "काय राव, बापाला पण कोटा लावला का आजच?" मुलगा त्यांच्याकडे बघून हसला. बापाच्या कपाळाला कांदा चिकटलेला, आणि हा हसला.

"त्यांना चढलेली नाही," मी म्हटलं.

"आई, दोन घेतलेत त्यांनी. तुझ्यासमोर घेतलेत."

"चढलेली नाही म्हणते ना."

दारू प्यायलेला माझा नवरा मला जितका माहीत आहे तितका कोणालाच माहीत नाही. मुलगा तेव्हा लहान होता. दारू पोटात गेली की नवऱ्याचा आवाज चढायचा. ताट भिरकवायचा, शेजाऱ्याचं दार वाजवून भांडण काढायचा. पडायचा तेव्हाही शिव्या देत पडायचा. माझा एक दात त्यात गेला. दारूने तो कधी गप्प झाला नाही, आणि दारूने त्याला कधी असा थंड घाम आला नाही. हा गप्प होता. मला रोगाचं नाव माहीत नव्हतं. हे दारूचं नाही, एवढं माहीत होतं.

"दवाखान्यात घे," मी म्हटलं.

"आई, हळू बोल ना. साहेब बसलेत."

"साहेबाला उठव. आत्ता पाय धरायला ये म्हणावं, नाहीतर उद्या खांदा द्यायला यावं लागेल."

हे मी हळू बोलले नाही. हसणं थांबलं. पण त्या टेबलावरून कोणी उठलं नाही. उठला तो वेटर. त्याने काखेत हात घातले, मुलाने पाय धरले. सुनेने चपला उचलल्या. मुलगा गाडी चालवण्यासारखा नव्हता, त्याच्याही पोटात दोन होत्या.

रस्त्यावर रिक्षा थांबली. रिक्षावाला दाढीवाला, वयस्कर. त्याने नवऱ्याकडे बघितलं, वास घेतला आणि हात हलवला. "दारूवाला नही लेता, अम्मा. परवा एकाने सगळी सीट भरवली."

"उलटी झाली तर मी माझ्या लुगड्याने पुसते. रिक्षा चालव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बसा." नंतर तो सगळे सिग्नल तोडत गेला, ते मी विसरले नाही.

दवाखान्यात दारातच बसलेली नर्स नाक मुरडून म्हणाली, "किती घेतलीय यांनी?" मुलगा उत्तर द्यायला लागला. ती म्हणाली, "झोपवा तिथं. सकाळी उतरेल." तिसऱ्यांदा तेच. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून बोलली. संध्याकाळभर एक शब्द न बोललेली बाई. "अण्णांना शुगर आहे. गोळी घेऊन आलेत. जेवलेले नाहीत."

नर्सचा चेहरा बदलला. तिने आतून डॉक्टरणीला हाक मारली. बोटाला सुई टोचली, यंत्राला रक्त लावलं. यंत्रात आकडा आलाच नाही. साखर इतकी उतरली होती की ती त्या यंत्राच्या मोजण्याखाली गेली होती, असं डॉक्टरणीने नंतर सांगितलं. मग सगळे धावायला लागले. सलाईन लागलं. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही. सुनेनेही केलं नाही.

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. डॉक्टरीण तरुण होती, समजावून बोलायची. म्हणाली, रिकाम्या पोटी गोळी आणि वर दारू, त्याने साखर खाली आली. फार वेळ तशीच राहिली आणि मेंदूला इजा झाली. थोडं आधी आणलं असतं तर, म्हणाली आणि थांबली. मुलगा तिथेच उभा होता.

आता नवरा जेवतो, भरवलं तर. धरलं तर चालतो. शर्टाची बटणं त्याला लावता येत नाहीत, पण दिवसभर लावत बसतो. मुलगा रविवारी येतो, बापाचे पाय चेपतो. सुपरवायझर आहे अजून. लोक म्हणतात, देवाची कृपा, माणूस हाती लागला. त्यांना माझ्या जागी एक दिवस बसवावं असं वाटतं, पण मी हो म्हणते.

मला तो ताई म्हणून हाक मारतो. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, ती केव्हाच गेली. सुरुवातीला मी सांगायचे, मी बायको आहे तुमची. त्यावर तो घाबरायचा. आता सांगत नाही. हाक मारली की जाते.

हात उगारण्याइतकं बळ आता त्याच्यात नाही. दारू मागत नाही, काहीच मागत नाही. नवरा वाचला.