कवटीवरचं कुंकू

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर स्टेथोस्कोपशेजारी माणसाची कवटी असायची. बाबांनी मेडिकलच्या पहिल्या वर्षी खऱ्या हाडांची पेटी एका सीनियरकडून घेतली होती; तेव्हा कोलकात्याहून अशा पेट्या सहज विकत येत. दसऱ्याला कामाच्या साधनांची पूजा करायची, म्हणून आई कवटीच्या कपाळालाही हळदकुंकू लावी. बाबा गेल्यावरही तिने ते सोडलं नाही.

यंदा भाची मेडिकलला लागली. पेटी तिला हवी होती.

"हॉस्टेलवर सगळ्यांकडे प्लास्टिकची आहेत, मामा. माझा भाव बघ आता!"

त्याच आठवड्यात मी बातमीसाठी प्राचीन सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. टेबलावर दोन ट्रे होते. दोघी स्त्रिया एकाच दफनभूमीतल्या. एकीच्या मनगटाशी मणी सापडले होते, दुसरीपाशी काहीच नाही. बाईंनी भिंग दिलं. मण्यांवालीचे दात गुळगुळीत होते. दुसरीच्या पुढच्या दातांवर आडव्या खाचा होत्या, एकाखाली एक. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण आलं की दाताची वाढ अडते आणि खाच राहते. ती पुढे कधीच भरून येत नाही. तिच्या मानेचे मणकेही झिजले होते, बहुधा डोक्यावर ओझी वाहून.

"मणी काय, पुरतानाही घालतात," बाई म्हणाल्या. "आधी दात बघायचे."

त्या खाचा मी पूर्वी पाहिल्या होत्या. घरी.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत पेटी मांडीवर घेऊन मी पुन्हा गेलो. बाईंनी कवटी उचलली आणि कपाळावरच्या तांबड्या डागापाशी थांबल्या.

"गेरू?"

"कुंकू. आई लावते."

"उद्या कुणाला ही खणताना सापडली तर तो लिहील, मोठ्या मानाची होती." मग त्यांनी दातांवरून नख फिरवलं. ते तीनदा अडकलं. मानेचे मणके त्यांनी ओळीने मांडले. झीज तीच होती. "मुलगी आहे. एकोणीस-वीसची. उपाशी वाढलेली."

घरी मी हे जसंच्या तसं सांगितलं. आईने पेटी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली.

"हिला विकलं कुणी?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पेटीवर फक्त बाबांचं नाव होतं.

भाचीने कवटी हातात घेतली आणि स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरली. "वय काय म्हणालास, मामा?"

मी पुन्हा सांगितलं. तिला गेल्याच महिन्यात एकोणीस पूर्ण झाली. तिचे ओठ मिटलेले होते. वरच्या दातांवरून फिरणारी जीभ बाहेरून दिसत होती.

"मला नको पेटी, आजी," ती म्हणाली.

दसऱ्याला आईने पाटावर एकटा स्टेथोस्कोप ठेवला. कवटीसाठी तिने जेवणाच्या पंगतीत, भाचीच्या शेजारी, वेगळा पाट मांडला. कुंकू लावलं नाही. केळीच्या पानावर मीठ, लिंबू, वरणभात आणि तूप वाढलं, आणि कवटीचं तोंड पानाकडे केलं.

भात गरम होता. वाफ दातांपर्यंत जात होती. आम्ही कुणीच आधी घास उचलला नाही.