उजव्या कुशीवर

आमच्या ह्यांचं उजवं अंग लकव्यानं गेलं, वाचाही गेली, आणि माझा देवावरचा भरवसाच उडाला. मूर्तिजापूरजवळ आमचा झेंडूचा मळा आहे. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणताना तिथल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी कूस कशी बदलायची, उशा कुठे लावायच्या, सगळं दाखवलं होतं. लुळ्या उजव्या कुशीवरही निजवा, असं बजावलं होतं. पण घरी आल्यावर माझा हातच धजेना. आधीच गेलेलं अंग दबून मोडलं तर? मी त्यांना उताणंच ठेवायचे. खांदा दुखून ते दिवसभर कण्हत राहायचे.

एका दुपारी लग्नासाठी फुलं घ्यायला एक अनोळखी बाई आल्या. त्या एक पाय किंचित ओढत चालत होत्या. कण्हणं ऐकून ओसरीतच थांबल्या. मी सगळं सांगितलं.

"मलेबी झालता लकवा," त्या म्हणाल्या. "बोलता ये नाही. उतानं पडून नुसते वरचे पत्रे पाहत राहो. बाजूले बसून कोन रडते, तेबी दिसे नाही."

"पण लुळ्या अंगावर निजवलं तर तरास नाही होनार?"

"अंग मेलं नाही माय त्याचं. भार पडला का त्या अंगाले समजते, आपन अजून हावो म्हनून. चाल, दोघी मिळून करू."

ताईंनी सांगितलेलं मला सगळं आठवत होतं. हात न ओढता आम्ही त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. खांदा अंगाखाली दबू नये म्हणून हळूच पुढे घेतला. डाव्या गुडघ्याखाली उशी दिली, पाठीशी गोधडीची वळकटी लावली. तोंड माझ्याकडे झालं. ते माझ्याकडे पाहत राहिले, कितीतरी वेळ. कण्हणं थांबलं आणि तसाच त्यांचा डोळा लागला.

बाई फुलं घेऊन बस गाठायला गेल्या. त्यांचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं.

मग रोज ठरल्या वेळी कूस बदलणं सुरू झालं. खांद्याचं दुखणं हळूहळू उतरलं. एका सकाळी वळवताना ते स्पष्ट म्हणाले, "हळू." आजारानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. मी तिथेच खाटेला टेकून रडले.

आज ते आधारानं बसतात, चालणं अजून दूर आहे. त्या बाईंना अंबामायनंच धाडलं असं मला वाटतं, कोणी न मानलं तरी माझं काही म्हणणं नाही. भरवसा उडाला होता तरी, ह्यांना उठव, एवढंच मी तिच्याजवळ मागत होते. तिनं आधी माझी भीती काढून घेतली. आता कूस बदलताना तिचं नाव घेते, माझ्या हातून होईल तेवढं करते, आणि ते कधी चालतील हे तिला विचारत नाही.