ओटा, नाली आणि माझा महागडा कॅमेरा

आमच्या पुण्यातल्या फोटो-ग्रुपला दर सहा महिन्यांनी कशाचा तरी कळवळा येतो. मागच्या वेळी चिमण्या होत्या, यंदा ‘बदलत्या गल्ल्या’. प्रदर्शन ठरलं, पण पेठांचा सगळ्यांनी आधीच चोथा केलेला. तेव्हा आमचा नितीन म्हणाला, "वऱ्हाडात जाऊ. तिथे अजून कोणी गेलेलं नाही." तिथे माणसं राहतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. माझ्याही नव्हतं म्हणा!

सकाळी बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठली. ऑटोवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस केली आणि गड जिंकल्यासारखे बसलो. अंबागेटच्या आतल्या गल्ल्यांत जुनी लाकडी दारं आणि त्यांना खेटून मोबाईलची चकाचक दुकानं. नितीन एका पडक्या भिंतीसमोर वीस मिनिटं गुडघे टेकून. शेवटी पानठेल्यावरच्या काकांना राहवेना.

"काहून गा भाऊ, काही पडलं का तुह्यं? हुडकू लागू का?"

नितीनने त्यांना टेक्स्चर म्हणजे काय ते समजावलं. काकांनी मान डोलावली आणि आम्हाला गिला वडा खायला पाठवून दिलं. दह्यात बुडालेला, वरून झणझणीत चटणी. फोटो काढायच्या आत प्लेट संपली.

दुसऱ्या दिवशी एसटीने अकोला. मूर्तिजापूरमार्गे अडीच तास धरा. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, त्यामुळे नितीनचं तोंड रस्ताभर वाकडं. आणि कृपा करून एप्रिलमध्ये जाऊ नका. आम्ही शहाणे गेलो होतो; दहानंतर कॅमेरा हातात धरवेना.

जुन्या शहरात एका घराच्या ओट्यावर गोदाकाकू मोगऱ्याचे गजरे ओवत बसल्या होत्या. माझा कॅमेरा बघून त्यांनीच हाक मारली.

"बाई, माह्यं एक काम कर. रस्ता मोठा करून राहिले. सोमवारी पालिकेचा साहेब येते. तो म्हंते, ओटा रस्त्यावर हाये. अवं, ओटा नालीच्या आत, घराकडे हाये! ओटा, नाली अन् दारावरचा घर नंबर, तिन्ही एका फोटूत घे. ओटा गेला तं माहा धंदा गेला."

शेजारचा झेरॉक्सवाला मोबाईल पुढे करत होता. काकूंनी त्याला उडवून लावलं. "मोबाईलचा फोटू कोनीबी काढते. साहेब मोठ्या कॅमेऱ्याचाच मानन."

मी "हो काकू" म्हटलं आणि कामाला लागले. नाली तुंबलेली, वर दुधाच्या पिशव्या तरंगत होत्या. फ्रेमची नुसती वाट लागत होती. मी सरकत सरकत नाली फ्रेमबाहेर काढली. माझी लेन्स अशी की मागचं सगळं विरघळून जातं. साठ हजार त्याचेच मोजलेत. वर काकूंना सांगितलं, इकडे बघू नका, तुमचं काम चालू द्या.

"नाली आली ना व?"

"आली, आली." मी बघितलंसुद्धा नव्हतं. काकूंनी एक गजरा माझ्या केसांत माळला, पैसे घेईनात.

पुण्यात परतल्यावर रविवारी निवडक पाच फोटो झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पाठवले. सोमवारी दुपारी त्याच्याच फोनवरून काकू.

"बाई, फोटू लय भारी. हिरोईन दिसून राहिली मी. पन घर कुठी हाये?"

मी सगळं कार्ड उघडलं. सुरकुत्या, बोटं, मोगरा, गालावरची उन्हाची तिरीप. नाली एकाही फोटोत नव्हती. नंबरच्या जागी निळा डाग.

"काकू, थांबा, अजून शोधते."

"राहू दे. साहेबानं पाह्यले. म्हने, म्हातारी छान आली. अन् ओट्याले मशीन लावली."

मी सॉरी म्हणाले, तर त्याच म्हणाल्या, "जाऊ दे व माय, तुले काय म्हाईत." त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रदर्शनात निवड माझ्याच फोटोची झाली. मी तो काढून घेतला, तर ग्रुपवाले म्हणतात, किती इमोशनल होतेस! नितीनचं म्हणणं, नाली दिसली असती तरी साहेबाने ओटा तोडलाच असता. असेलही. पण मग ते पाप एकट्या साहेबाच्या माथी असतं.