चारला आत न घेतलेली रोपं

तीन वर्षं ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. आता तुला सांगते — पण कुठून सुरू करू?

खिडक्यांपासून करते. सासूबाई गेल्यावर माझे सासरे, आप्पा, नागपूरहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला राहायला आले. आमचं घर लहान. पहिल्याच फेब्रुवारीत आप्पांनी सगळ्या खिडक्या ताब्यात घेतल्या. दह्याच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, अंड्यांच्या खोक्यांत टोमॅटो, रेडिएटरच्या उबेला वांगी. मागच्या गार्डनमध्ये वाफे खणून, कंपोस्ट मिसळून तयार. कार्पेटवर माती. मी चिडायचे — पण बोलायचे नाही. न बोलता चिडणं मला फार छान जमतं.

मार्चमधल्या एका शनिवारी ते बुद्ध विहारात निघाले. रात्री तिकडेच मित्राकडे राहणार होते. रोपांचे ट्रे त्यांनी मागच्या दाराबाहेर, पॅटिओच्या फरशीवर मांडले आणि दारात बूट घालता घालता म्हणाले, "सुजाता, जरा ऊन खाऊ दे त्यांना. चारला आठवणीनं आत घे, बेटा."

मी "हो आप्पा" म्हटलं. स्पष्ट म्हटलं.

चार वाजले तेव्हा मी सोफ्यावर चहा पीत होते. ट्रे समोर दिसत होते. रात्री फ्रॉस्ट आहे, बाहेरचं सगळं गोठणार, हे फोनवर वाचलंही होतं. तरी उठले नाही. का? काम नव्हतं, थकलेही नव्हते. एकदा तरी माझ्या घराच्या खिडक्या रिकाम्या असाव्यात — एवढंच. अंधारून आलं तेव्हा उठले, आणि पडदा ओढून घेतला.

रविवारी आप्पा परतले. रोपं काळी पडून आडवी झाली होती. ते ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "अगं, मी सांगितलं होतं ना तुला?"

आणि मी म्हणाले — "नाही आप्पा. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

रोपांचं एक वेळ सोड. हे वाक्य सांगायला मी बसलेय.

कारण त्यांनी ते खरं मानलं. माझ्यावर नाही, स्वतःवर संशय घेतला. गॅस बंद केला का, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे — त्यांना पटलं नाही. बसनं एकटं जाणं बंद केलं. मिलिंद त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसा मोठ्यानं, सावकाश बोलायला लागला. आणि बियाणं? त्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. हे सगळं मी बघत होते. एका वाक्यात थांबवू शकले असते, नाही का?

या फेब्रुवारीत आम्ही गार्डन सेंटरला गेलो, मला कुंडी हवी होती. आप्पा बियांच्या रॅकपाशी उभे. मिरचीचं पाकीट उचललं, उलटसुलट वाचलं, परत ठेवलं. म्हणाले, "नको. मी विसरेन."

तिथंच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, मी बोलले. "आप्पा, तुम्ही सांगितलं होतं. चारला आत घे म्हणालात. मी हो म्हटलं होतं. मी खोटं बोलले."

"म्हणजे... मी सांगितलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"दारात. बूट घालताना."

मी रागाची वाट बघत होते. पण आधी त्यांच्या चेहऱ्यावर आली ती सुटका — तीन वर्षांचं ओझं उतरल्यासारखी. ती मला बघवली नाही. राग नंतर आला. दोन दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मिलिंदला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो अजून माझ्याशी तुटकच बोलतो. बरोबरच आहे त्याचं.

मग एका सकाळी आप्पा कंपोस्टची पिशवी फोडताना दिसले. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाले, "पिशवी धर." मी धरली.

माफ केलं असं ते म्हणालेले नाहीत. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. खिडकीतल्या वांग्याच्या रोपांना तिसरं पान फुटलंय. काल ते एकटेच बसनं विहारात गेले, आणि वाटेत नव्या माणसांशी कशा गप्पा झाल्या ते आल्यावर जेवताना सांगत राहिले — मिलिंदला. मी पोळ्या वाढत ऐकत होते.