तीन मतं सणसवाडीला

फॉर्म मीच भरला. तिघींचा. चहा गार व्हायच्या आत.

सणसवाडीत कंपनीत लागले तवा आम्ही तिघी एका रूमवर राहायचो, तिघीबी पाबळजवळच्या आमच्याच वस्तीवरच्या. विधानसभेचं मतदान आलं. गावाला जायचं म्हंजी अख्खा दिवस जाणार, आन् इथं बूथ रूमच्या मागच्या शाळेत! मोबाईलवर पत्ता बदलायचा फॉर्म सापडला. भाडेकराराचा फोटो, ओटीपी, झालं. दोघी म्हणाल्या, "आमचंबी कर की." केलं. मत दिलं, शाईच्या बोटाचा फोटो स्टेटसला टाकला. लई भारी वाटलेलं, खरंच.

गावच्या निवडणुकीची यादी वेगळी असती असं मी धरूनच चाललेले. विधानसभेचीच यादी वॉर्डावॉर्डात तोडून ग्रामपंचायतीला वापरत्यात, हे मी कुणाला विचारलंच न्हाई.

पुढं आमचा वॉर्ड बायांसाठी राखीव झाला आन् आई सदस्यपदाला उभी राहिली. पाण्याची पाईपलाईन अंगणवाडीपाशी येऊन थांबलेली, तिथनं पुढं आमची वस्ती कोरडी. आई रोज अंगणवाडीच्या नळावरनं पाणी आणायची. म्हणायची, "वस्तीवर नळ आला की दुसऱ्या दिवशी राजीनामा देते बघ."

प्रचाराला पाटसहून आबा आले, आईचे वडील. मी रात्रंदिवस मेसेज टाकायचे, ते ओट्यावर बसून हसायचे.

"आमच्या टायमाला कागदावर शिक्का मारायचा. घडी चुकली की शाई दुसऱ्या चिन्हावर उमटायची, मत बाद. सरपंच सदस्यच निवडायचे, मग त्यांना गाडीत घालून पार लांब लपवून ठेवायचे."

"आन् आता वं आबा?"

"आता सरपंच लोकच निवडत्यात. शिक्का गेला, मशीन पीं करतं. लपवणारे हायती तिथंच हायती."

मतदानाच्या दिवशी मी ऐटीत बूथवर गेले. यादी घेऊन बसलेला माणूस म्हणाला, "तुझं नाव न्हाई गं." पानं पुढंमागं केली. न्हाईच. मला तिथंच सगळं कळलं. बाकीच्या दोघींना ओव्हरटाईम लागलेला, त्या आल्याच नव्हत्या. आल्या असत्या तरी काय?

बाहेर आईनं विचारलं आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, "नाव उडवलंय कुणीतरी."

आई तडक अंगणवाडीच्या ताईंकडं. यादीचं काम त्याच बघत्यात.

"माझ्याच पोरीचं नाव बरं सापडलं तुम्हाला कापायला? कुणाच्या घरचा चहा पिऊन कापलं?"

चार माणसं जमली. ताईंनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावावर बोट ठेवलं. पुढं लिहिलेलं, स्थलांतर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्याच बाईंनी माझ्या हातात पहिली पेन्सिल दिलेली. मी चपलेकडं बघत ऱ्हायले. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"बघते मी, वैनी," एवढंच म्हणाल्या.

मतमोजणी शिरूरला. आम्ही बसायच्या आत आमच्या वॉर्डाची मोजणी संपली. आईला आन् समोरच्या बाईला सारखी मतं. साहेबांनी परत बघितलं, सारखीच. मग नियमाप्रमाणं दोन चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, हलवल्या, एक काढली. आईचं नाव डब्यातच राहिलं.

बाहेर गुलाल उडत होता. त्यातला एकजण वरडला, "वैनी, पुढच्या टायमाला चिठ्ठी जरा मोठी करा!"

टेम्पोत आईनंच माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "रडू नको. एक मत जास्त असतं तरी झालं असतं. नशीब."

तीन होती. तिन्ही सणसवाडीला.

नाव मी परत गावाला आणलंय. फॉर्म भरला, मंजूरबी झाला. पुढची निवडणूक पाच वर्षांनी, आन् तवा वॉर्ड कुणाला सुटंल कुणाला ठाऊक.

त्या दिवसापासनं आई ताईंशी बोलत न्हाई. त्यांच्या नळाला हात लावत न्हाई. ओढा उतरून पलीकडच्या हातपंपावर जाती. सुट्टीला घरी आले की कळशी घेऊन मीबी मागनं जाते. अंगणवाडीवरनंच वाट हाय. ताई दारात उभ्या असत्यात, माझ्याकडं बघत्यात. आई तोंड फिरवून म्हणती, "ह्या बाईनं आपलं वाटोळं केलं."

मी "व्हय" म्हणते.